शेजारचं जोडपं आणि आपला संसार

प्रश्न : समोरचं जोडपं आणि आम्ही, चौघांची छान मैत्री आहे. पण हल्ली नवरा ऑफिसातल्या अडचणी आधी शेजारणीला सांगतो, मला मागाहून तिच्याकडूनच कळतात. विचारलं तर म्हणतो, "तू लगेच घाबरतेस, ती शांतपणे ऐकून घेते." मी संशयी झालेय का?

उत्तर : नाही. पण 'संशय' हा शब्द काढू नका. तो निघाला की सगळा वाद 'आमच्यात काही आहे का' यावर जातो आणि नवरा "काही नाही" म्हणून मोकळा होतो. तुमचं दुखणं वेगळं आहे: स्वतःच्या घरातली गोष्ट तुम्हाला बाहेरून कळते. नेमकं तेवढंच त्याला सांगा. मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास म्हणायच्या, नवरा-बायकोत खिडकी हवी आणि बाहेरच्यांपुढे भिंत. तुमच्याकडे त्यांची अदलाबदल होऊ लागली आहे. तुम्ही आलात की त्या दोघांचा विषय बदलतो का, हेही बघा. बदलत असेल तर ते त्याच्यासमोर स्पष्ट बोलायला हवं.

त्याचं म्हणणंही अगदीच खोटं नसावं. पुढच्या वेळी तो काही सांगू लागला तर उपाय सुचवायची घाई करू नका, आधी पूर्ण ऐका.

मैत्री तोडायची मात्र गरज नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्लॅचर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी जोडप्यांना एकत्र बसवून मनातलं बोलायला लावलं होतं. त्यांची एकमेकांशी मैत्री जुळलीच, शिवाय आपापल्या जोडीदाराशी जवळीकही वाढली. तिथे चौघं एकत्र बोलत होते, हे लक्षात घ्या.

प्रश्न : शेजारी माझ्याच वयाचा, माझ्याच क्षेत्रातला. त्याला बढती मिळाली, त्यानं मोठी गाडीही घेतली. बायको काही बोलत नाही, पण तिच्या मनात तुलना चालू असणार. कर्ज काढून गाडी घ्यावी म्हणतो, तर ती नको म्हणते.

उत्तर : ती नको म्हणते, तरी तुलना तिच्याच नावावर! माणूस साधारण आपल्यासारख्याच माणसाशी स्वतःला ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं. दूरच्या कुणा धनाढ्याचा बंगला आपल्याला टोचत नाही, बरोबरीच्या माणसाची गाडी टोचते. त्यातून तो ज्या कामात पुढे गेला तेच काम आपणही मानाचं समजत असलो, तर जास्तच. तेव्हा हे टोचणं नैसर्गिक आहे, पण त्यापायी काढलेल्या कर्जाचे हप्ते दोघांनी भरायचे आहेत. बायकोला "मला त्याचा हेवा वाटतो" असं एकदा सरळ सांगून टाका. गाडीचा विषय त्यानंतर काढा. बहुतेक तोवर तो निम्मा झालेला असेल.

प्रश्न : शेजारणीचं आणि माझं बोलणं बंद आहे. नवऱ्यांची दोस्ती मात्र चालूच! यानं माझ्यासाठी ती तोडायला नको?

उत्तर : नको. त्यानं तिथे तुमची टिंगल ऐकून घेऊ नये, एवढी अट घाला. मित्र कोण असावा, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

प्रश्न : शेजारी भांडले की ती माझ्याकडे येते, तो माझ्या नवऱ्याकडे. मी तिची बाजू घेते, नवरा त्याची. दुसऱ्या दिवशी ते दोघं हसत फिरायला जातात आणि आमचा अबोला चालू!

उत्तर : त्यांचं उत्तम चाललंय की! दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढलं जातं, त्याला मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी 'त्रिकोण' म्हटलं. ताण तुमच्याकडे सोपवून ते मोकळे होतात. ती रडत आली तर जवळ बसा, ऐका, पण निकाल देऊ नका. "हे त्यालाच सांग" म्हणा. नवऱ्यानंही तिकडे तेच करावं. मारहाणीची किंवा धमकीची गोष्ट असेल तर अर्थातच तटस्थ राहू नका, तिला मदत मिळवून द्या.

आणि तुम्ही दोघं इतक्या चटकन बाजू का घेता? "तो तिला कधी विचारतच नाही," असं तुम्ही तावातावानं म्हणता, तेव्हा ते नक्की कुणाच्या नवऱ्याबद्दल असतं, हे एकदा तपासा. तक्रार तुमची स्वतःची निघाली, तर शेजाऱ्यांचं नाव न घेता ती थेट त्याच्याशी बोला.