बाबांची इम्युनोथेरपी सुरू होतेय, पोटातल्या बॅक्टेरियासाठी प्रोबायोटिक सुरू करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडील ६३ वर्षांचे, किडनीचा कॅन्सर फुफ्फुसात गेलाय, पुढच्या महिन्यात निव्होल्युमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू होणार, मोठ्या भावाने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की पोटातले बॅक्टेरिया चांगले असतील तरच हे औषध लागू पडतं आणि डोळ्यांचे आजारसुद्धा पोटातूनच येतात, म्हणून त्याने १४ स्ट्रेनवाल्या प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटासाठी चांगले म्हणून विकतात त्या जिवंत बॅक्टेरियाच्या १४ उपजातींचा, डबा मागवून ठेवलाय, वडिलांना काचबिंदूपण आहे, तर यात खरं किती आणि डबा उघडायचा का.

डबा उघडू नका. ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवल्याशिवाय तर नाहीच नाही. पण भावाला वेड्यात काढू नका, कारण व्हिडिओतली मूळ गोष्ट थाप नाहीये, तिच्यावरून जो निष्कर्ष काढलाय तो चुकलाय. मी परळला एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण स्टूल आणि ब्लड कल्चर रोज हाताखालून जातात आणि या विषयावर जे छापून येतं ते मी बरीच वर्षं नेमाने वाचत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या टी सेल्सना, म्हणजे बिघडलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, एक ब्रेक असतो, पीडी-१ नावाचा, आणि कॅन्सरच्या पेशी तोच ब्रेक दाबून धरतात म्हणून टी सेल्स समोर असूनही काही करत नाहीत. निव्होल्युमॅब तो ब्रेक सोडवतं. टी सेल्सचे असे ब्रेक शोधून ते सोडवण्याच्या कामासाठी जपानचे होन्जो आणि अमेरिकेचे ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अडचण ही की सगळ्यांना गुण येत नाही. एकाच वॉर्डात, एकाच स्टेजचे, सारखंच औषध घेणारे दोन पेशंट, एकाची गाठ विरघळते आणि दुसऱ्याची वाढत जाते, असं का, या प्रश्नाच्या मागे लागून लोक शेवटी पोटापर्यंत पोचले.

२०१५ साली शिकागोमध्ये गायेव्स्की यांच्या टीमने जे बघितलं ते मला आजही भारी वाटतं. त्यांच्याकडे एकाच जातीचे, जनुकीय दृष्ट्या सारखेच उंदीर होते, फक्त दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेले. दोघांना मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरची, गाठ दिली तर एका गटात ती हळू वाढली आणि दुसऱ्यात भरभर. मग दोन्ही गट एकाच पिंजऱ्यात ठेवले आणि फरक नाहीसा झाला! उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, म्हणजे बदललं काय तर आतड्यातले बॅक्टेरिया. शोधता शोधता बिफिडोबॅक्टेरियमवर बोट ठेवता आलं, आणि नुसता तो पाजला तरी गाठ जवळपास इम्युनोथेरपीच्या औषधाइतकीच आटोक्यात राहिली, दोन्ही मिळून दिलं तर वाढ जवळजवळ थांबलीच. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत झिटव्होगेल यांच्या टीमला दुसऱ्या एका इम्युनोथेरपीच्या बाबतीत तसंच दिसलं, फक्त बॅक्टेरिया वेगळा, बॅक्टेरॉइड्स.

माणसांवरचे मोठे पेपर २०१८ च्या जानेवारीत आले, तीन एकदम. आणि गंमत बघा, पॅरिसवाल्यांना फुफ्फुस आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये गुण आलेल्या पेशंटच्या पोटात ॲकरमॅन्सिया जास्त दिसला, शिकागोवाल्यांना मेलॅनोमात बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, ह्यूस्टनवाल्यांना मेलॅनोमातच फीकॅलिबॅक्टेरियम. तिघांची यादी जुळत नाही. नंतर वेगवेगळ्या देशांतले पेशंट एकत्र करून बघितले तरी असा एक बॅक्टेरिया सापडला नाही की जो सगळीकडे हमखास चांगला. ॲकरमॅन्सियाचं तर २०२२ मध्ये आणखी वेगळंच निघालं, तो असलेल्यांचं न असलेल्यांपेक्षा चांगलं, पण ज्यांच्या पोटात तो प्रमाणाबाहेर वाढलेला होता त्यांचं पुन्हा वाईट. आता सांगा, १४ स्ट्रेन निवडणाऱ्याने कुठल्या आधारावर निवडले असतील?

पोट बदललं की निकाल बदलतो का, हेही करून बघितलंय. २०२१ मध्ये पिट्सबर्ग आणि इस्रायलमधल्या शेबा हॉस्पिटलने, ज्यांना औषध अजिबात लागू पडलं नव्हतं अशा मेलॅनोमाच्या पेशंटना, गुण आलेल्या पेशंटची विष्ठा प्रक्रिया करून कोलोनोस्कोपीतून दिली आणि तेच औषध परत सुरू केलं. पिट्सबर्गला १५ पैकी ६ जणांना फायदा झाला, इस्रायलमध्ये १० पैकी ३ जणांना. ज्यांच्यासाठी जवळपास सगळे रस्ते बंद झाले होते त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण कृपया हे घरी करायच्या भानगडीत कोणी पडू नये, २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच एका विष्ठारोपणातून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय पेशंटच्या अंगात गेला आणि तो पेशंट दगावला. असले ई. कोलाय आणि क्लेबसिएला मी प्लेटवर वाढलेले नेहमी बघते, भोवती अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवलेल्या असतात आणि एकाही चकतीभोवती साफ जागा नसते, बॅक्टेरिया अगदी कडेपर्यंत चिकटून वाढलेले.

आता प्रोबायोटिक. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ह्यूस्टनच्याच टीमने मेलॅनोमाच्या १२८ पेशंटचा आहार आणि औषधाचा गुण ताडून बघितला. दिवसाला २० ग्रॅमच्या वर फायबर खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, दर ५ ग्रॅम वाढीव फायबरमागे आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसला, आणि सगळ्यात चांगलं कोणाचं, तर फायबर भरपूर खाणारे पण दुकानातलं प्रोबायोटिक न घेणारे. उंदरांना प्रोबायोटिक दिलं तर औषधाचा परिणाम कमी झाला. त्याच्या आधी २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने निरोगी माणसांवर दाखवलं होतं की अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर प्रोबायोटिक घेतलं तर स्वतःचे मूळचे बॅक्टेरिया परत यायला उलट उशीर होतो, बाहेरून आलेले जागा अडवून बसतात. आहाराचा अभ्यास निरीक्षणाचा आहे, मेलॅनोमाचा आहे, तुमच्या वडिलांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही हे मान्य, पण कल कुठे आहे ते कळतं.

तुमचा भाऊ शोधत बसला तर त्याला एक उलटा पेपरही सापडेल, म्हणून मीच सांगते. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होपमध्ये किडनीच्याच कॅन्सरच्या ३० पेशंटवर ट्रायल झाली, निव्होल्युमॅब आणि इपिलिमुमॅब या आणखी एका इम्युनोथेरपीच्या औषधाच्या जोडीला काहींना क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमचा एक ठराविक जपानी स्ट्रेन दिला, सीबीएम-५८८ नावाचा, आणि त्यांचा आजार साधारण १२.७ महिने आटोक्यात राहिला, ज्यांना दिला नाही त्यांचा २.५ महिने. आकडे मोठे दिसतात पण पेशंट फार थोडे, आणि मुख्य म्हणजे तो एक स्ट्रेन, मोजलेला डोस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी आलेला १४ स्ट्रेनचा डबा ही त्याच्या जवळपासचीसुद्धा वस्तू नाही.

डोळ्यांचं काय, तर तेही खरं आहे, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे. शरीर डोळ्याला इम्यून सिस्टिमपासून जरा लांब ठेवतं, कारण तिथे थोडी जरी सूज आली तरी नजर जाऊ शकते. मग युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, होते तेव्हा रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, हल्ला करणाऱ्या टी सेल्स चेतवल्या कुठे जातात, कारण रेटिनाचं प्रोटीन तर डोळ्याबाहेर त्यांना भेटतच नाही? २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कास्पी यांच्या टीमने उंदरांवर दाखवलं की त्या आतड्यात चेतवल्या जातात, तिथल्या बॅक्टेरियामुळे, आणि अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया कमी केले तर डोळ्याचा आजार सौम्य होतो. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटनेही युव्हिआयटिसच्या पेशंटचे आतड्यातले बॅक्टेरिया निरोगी लोकांपेक्षा वेगळे असल्याचं २०१८ मध्ये छापलंय. काचबिंदूचंही त्याच वर्षी बोस्टनहून आलं, उंदरांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढवल्यावर नसांचं पुढचं नुकसान टी सेल्स करतात, त्याही बॅक्टेरियाच्या प्रोटीनवर आधी तयार झालेल्या, आणि पूर्ण जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांमध्ये ते नुकसान झालं नाही. २०२४ मध्ये तर लंडन आणि ग्वांगझूच्या टीमने सीआरबी-१ या जीनबद्दल लिहिलं, जो बिघडला की लहानपणापासून रेटिना खराब होत जाते. तो जीन आतड्याच्या अस्तरातही काम करतो, तिथे बिघडला की बॅक्टेरिया अस्तर ओलांडून थेट रेटिनापर्यंत पोचतात, आणि उंदरांमध्ये नुसता आतड्यातला जीन दुरुस्त केला तरी रेटिना वाचली. हे सगळं अजून मुख्यतः उंदरांचं आहे, त्यामुळे बाबांचे काचबिंदूचे ड्रॉप्स आहेत तसेच चालू ठेवा, एकही चुकवू नका.

पण हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. उंदरांच्या डोळ्यासाठी अँटिबायोटिकने फायदा झाला आणि कॅन्सरच्या पेशंटमध्ये नेमकं उलटं, त्या २०१८ च्या पॅरिसच्या पेपरमध्ये २४९ पैकी ६९ जणांनी इम्युनोथेरपीच्या आगेमागे साध्यासुध्या कारणांसाठी अँटिबायोटिक घेतलेलं होतं, दात, लघवीचं इन्फेक्शन वगैरे, आणि त्यांचा आजार लवकर वाढला, आयुष्यही कमी पडलं. एकीकडे इम्यून सिस्टिम जागी हवी आणि दुसरीकडे शांत, आणि दोन्ही अवयव एकाच माणसाचे. म्हणून 'इम्युनिटी वाढवणारं' असं लिहिलेलं काहीही बघितलं की मला भीती वाटते, कुठे वाढवणार ते कोण ठरवणार?

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. चेकपॉइंटची औषधं, म्हणजे निव्होल्युमॅबसारखी टी सेल्सचा ब्रेक सोडवणारी औषधं, घेणाऱ्यांत साधारण शंभरात एकाला युव्हिआयटिस होतो. माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना झाला, ठाण्याला राहतात, फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी याच जातीचं औषध चालू होतं. पावसाळ्याचे दिवस, बिल्डिंगमध्ये सगळ्यांचेच डोळे आलेले, त्यामुळे यांचा डोळा लाल झाला तेव्हा केमिस्टने अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले आणि सगळे निर्धास्त. पण चिकटा अजिबात नव्हता, उजेड सहन होत नव्हता, टीव्हीसमोर तो एक डोळा हाताने झाकून बसायचे आणि आतून ठणकतंय म्हणायचे. नणंदेने फोनवर हे सांगितलं तसं मी म्हटलं आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपखाली, बुबुळाच्या पुढच्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसल्या, तासातासाला स्टिरॉइडचे ड्रॉप्स सुरू झाले, ऑन्कॉलॉजिस्टने एक डोस पुढे ढकलला, नजर वाचली. तुमच्या वडिलांच्या बाबतीत यात एक जास्तीची गोष्ट आहे, स्टिरॉइड ड्रॉप्सनी डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि त्यांना आधीच काचबिंदू आहे. त्यामुळे औषध सुरू व्हायच्या आधीच डोळे तपासून प्रेशर लिहून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना निव्होल्युमॅबचं नाव सांगून ठेवा.

तसंच जुलाबाचं. मुंबईत पोट बिघडलं की आपण नाक्यावरच्या केमिस्टकडून नॉरफ्लॉक्स-टीझेडची स्ट्रिप आणतो, डॉक्टरला विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. इम्युनोथेरपी चालू असताना हे करायचं नाही. ते जुलाब औषधामुळे आतड्याला आलेल्या सुजेचेही असू शकतात, त्याला स्टिरॉइड लागतात, आणि वर अँटिबायोटिक पोटात गेलं ते वेगळंच. घशासाठी घरात पडलेली अझिथ्रोमायसिन, तीही नको. मात्र डॉक्टरांनी स्वतः अँटिबायोटिक लिहून दिलं तर घाबरून ते टाळू नका, अंगात पसरलेलं इन्फेक्शन जीव घेतं आणि मी ते रिपोर्ट रोज पाठवते.

खाण्यात मात्र घरच्यांना खूप काही करता येतं. ब्रेड-बिस्किट-साबुदाण्याच्या जागी ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, रोज एक वाटी मटकी किंवा चवळीची उसळ, त्यात साधारण ५ ते ७ ग्रॅम फायबर येतं, एक पेरू, त्यात ५ च्या आसपास, शिवाय लाल माठ, गवार, शेवग्याच्या शेंगा, म्हणजे २० ग्रॅम सहज होतात, पैसेही डब्यापेक्षा कमी. एकदम वाढवू नका, पोट फुगेल, आठवड्या-आठवड्याने वाढवा. किडनीचं काम कमी असेल किंवा एक किडनी काढलेली असेल तर डाळी-कडधान्य आणि पोटॅशियमचं प्रमाण डाएटिशियनला विचारूनच ठरवा, आणि जुलाब सुरू झाले तर हे सगळं थांबवून आधी फोन करा.

आणखी एक, आपल्याकडे अर्ध्या घरांत सकाळी उठल्या उठल्या पॅन-डी घेतात. ॲसिड कमी करणाऱ्या या गोळ्यांनीही पोटातले बॅक्टेरिया बदलतात, आणि २०२० मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ट्रायलचा डेटा परत तपासला तर इम्युनोथेरपीसोबत त्या घेणाऱ्यांचा निकाल कमी चांगला दिसला. वडील घेत असतील तर स्वतःहून बंद करू नका, अल्सर किंवा रक्त पातळ करायच्या गोळीसाठी दिलेली असू शकते, पण पहिल्या डोसच्या आधीच्या ओपीडीत ती स्ट्रिप, डोळ्यांचे ड्रॉप्स आणि भावाने आणलेला तो डबा, तिन्ही पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.