केशरी रताळ्याचे वेल कुठं मिळतील?

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायकांनी मिळून देवळामागची पडीक जागा साफ केलीय, आम्ही बेळगाव तालुक्यातल्या, रताळी इथं घरोघर पिकतात पण आतून केशरी असतात ती लावायची म्हणतोय, बेणं कुठलं?

उत्तर : किती छान काम करताय गं! या केशरी रताळ्यामागं खूप जणांची मेहनत आहे बघा, पेरूमधल्या लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांसोबत त्यावर काम केलं आणि 2016 चा वर्ल्ड फूड प्राइझ त्या कामातल्या शास्त्रज्ञांनाही मिळाला. आपल्याकडं तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेनं 'भू सोना' वाण काढलंय. मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारा, नाहीतर थेट संस्थेला लिहा. थोडेच वेल मिळाले तरी चालतील, एका वाफ्यात वाढवा, मग शेंड्याकडचे वीतभर तुकडे, तीन-चार डोळ्यांचे, पावसाच्या सुरुवातीला वरंब्यावर लावा. भेगा पडल्या की माती चढवाच, तिथूनच सोंड्या भुंगा कंदात शिरतो. आणि पोरांना उकडून देताना वर थोडं तूप घाला, त्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध लागतंच.