जुन्या सॉफ्टवेअरचे काम घ्यावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या यंदा संगणक अभियांत्रिकीची पदवीधर झाली असून, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी उत्पादन-नोंदीचा प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सोलापुरातील एका लहान कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. त्या प्रोग्रॅममधील जुने कंट्रोल (पडद्यावरची बटणे, चौकटी, तक्ते असे भाग) नव्या डब्ल्यूपीएफ (विंडोजसाठी पडदे बनवण्याची मायक्रोसॉफ्टची नवी पद्धत) अ‍ॅप्लिकेशनमध्ये बसवणे, हे तिचे काम असेल. पुण्यातल्या मैत्रिणी मात्र तिला सांगतात की, अशा जुन्या कामात दोन वर्षे घालवली तर पुढे कोणी विचारणार नाही. तिने पुण्याला जावे की इथेच थांबावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते तिने ही नोकरी घ्यावी, मात्र होकार देण्यापूर्वी कंपनीला एक गोष्ट स्पष्ट विचारावी. ती गोष्ट कळण्यासाठी या कामाचे स्वरूप आधी समजून घ्यावे लागेल.

पडदे बनवण्याची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत, म्हणजे विंडोज फॉर्म्स, 2002 साली आली आणि डब्ल्यूपीएफ 2006 साली. विंडोज फॉर्म्समधील प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट ही विंडोजच्या दृष्टीने एक स्वतंत्र खिडकी असते, तर डब्ल्यूपीएफमध्ये संपूर्ण पडद्याची मिळून एकच खिडकी असते आणि तिच्या आतले सारे काही डब्ल्यूपीएफ स्वतः डायरेक्टएक्स या विंडोजच्या चित्रण-यंत्रणेच्या मदतीने रंगवते. या दोन पद्धतींचा सांधा जुळवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फॉर्म्स होस्ट’ हा घटक दिला आहे. उलट दिशेने, म्हणजे जुन्या फॉर्ममध्ये नवा भाग बसवण्यासाठी, ‘एलिमेंट होस्ट’ आहे. जुना ग्रिड (नोंदींचा तक्ता) नव्या पडद्यावर आणायला चार-पाच ओळी पुरतात आणि खरे काम त्यानंतर सुरू होते. आपण स्वतः जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर, आहात. जुन्या मागावर नवे जॅकार्ड चढवणे वेगळे आणि दोघांचा मेळ बसवून माग चालता करणे वेगळे, हे मी आपल्याला सांगायला नको.

सर्वांत आधी अडवतो तो ‘एअरस्पेस’चा प्रश्न. जुन्या कंट्रोलने पडद्यावरची जितकी जागा घेतली, तितक्या जागेवर डब्ल्यूपीएफला काहीही रंगवता येत नाही. समजा, चुकीचा बीम (ताण्याचा रूळ) क्रमांक टाकल्यावर ग्रिडवर लाल सूचनापट्टी यावी अशी रचना केली, तर ती पट्टी ग्रिडखाली दडून राहते आणि चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. ‘पॉपअप’ला स्वतःची वेगळी खिडकी असल्यामुळे तो मात्र वर दिसतो. हे ज्याला कारणासह ठाऊक असते त्याची अडचण तासाभरात सुटते आणि ज्याला ठाऊक नसते तो आठवडाभर रंग आणि क्रम बदलत बसतो.

कळफलकाचेही तसेच आहे. जुन्या फॉर्ममधून उघडलेल्या स्वतंत्र डब्ल्यूपीएफ खिडकीला ‘एनेबल मोडलेस कीबोर्ड इंटरऑप’ ही सूचना दिली नाही, तर तिथल्या चौकटीत नीट टाइपच होत नाही. रात्रपाळीत माउसला हातही न लावता नोंदी करणाऱ्या माणसासाठी हा दोष फार मोठा आहे. होस्ट वेळेवर मोकळा केला नाही तर खिडक्या साचत जातात, आणि विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला अशा घटकांची मर्यादा सहसा 10,000 एवढीच असते. मूळ कंट्रोल व्हीबी 6 या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळातील 32-बिट ओसीएक्स (तयार कंट्रोलचा जुना प्रकार) असेल, तर 64-बिट प्रोग्रॅम तो आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. अशा वेळी सगळा प्रोग्रॅम 32-बिट ठेवायचा की कंट्रोल नव्याने लिहायचा, हे ठरवावे लागते.

एवढे तपशील सांगितले ते अशासाठी की, या कामात विंडोज आतून कसे चालते ते शिकावेच लागते. शिवाय 2019 मध्ये डॉटनेट कोअर 3.0 (प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यासपीठाची नवी आवृत्ती) बरोबर विंडोज फॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ ही दोन्ही नव्या डॉटनेटवर आली, त्यामुळे हे ज्ञान लगेच निरुपयोगी होईल ही भीती मला पटत नाही.

आता विचारायची गोष्ट. होस्ट हा पूल म्हणून वापरून एकेक पडदा डब्ल्यूपीएफमध्ये नव्याने लिहिण्याची कंपनीची योजना आहे का, आणि ते लेखन आपल्या कन्येकडे येणार का? उत्तर होय असेल तर तिने निर्धास्तपणे दोन वर्षे द्यावीत. केवळ जुने टिकवून धरायचे असेल तर मी तिला थांबायला सांगणार नाही, कारण मग तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करण्यात तिचा उमेदीचा काळ जाईल.

कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. तोवर तिने व्हिज्युअल स्टुडिओच्या मोफत आवृत्तीत डब्ल्यूपीएफचा एक लहान प्रकल्प उघडावा, त्यात विंडोज फॉर्म्सचा ‘डेटाग्रिडव्ह्यू’ बसवावा, वर सूचनापट्टी ठेवून ती दडते ते पाहावे आणि मग पॉपअप वापरून ती वर आणावी. तो प्रकल्प लॅपटॉपवर घेऊनच तिने कंपनीत जावे आणि वरचा प्रश्न तो दाखवल्यानंतर विचारावा.