सुपरचार्जर बसवलेली गाडी सुटताना नुसती चाकं फिरवते, 400 मीटरचा वेळ कसा कमी करू?

भाऊ, आधी तुमचेच आकडे मांडतो, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. मागच्या चाकांवर चालणारी 5 लिटरची व्ही-8, ऑटोमॅटिक गिअर, इंजिनावर बसवलेला स्क्रू पद्धतीचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप), 19 इंची रिम, साधे रोडचे टायर. पाव मैल (402 मीटर) 13.2 सेकंदांत, शेवटच्या रेघेवर वेग ताशी 187 किलोमीटर, आणि पहिल्या 60 फुटांना 2.4 सेकंद. गाव यवतमाळ जिल्ह्यात, हिवाळ्यात धावपट्टीवरच्या स्पर्धेला जायचं आहे. आणि विचारलंत की सुपरचार्जरला लहान पुली टाकून बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढवू का?

नका वाढवू. 2200 ला शेवटच्या वेगाने (ताशी किलोमीटरमध्ये) भागलं की त्या ताकदीच्या गाडीला साधारण किती सेकंद लागायला हवेत ते कळतं. 2200 भागिले 187 म्हणजे 11.8. हे अंदाजी गणित आहे, पण रोग ओळखायला पुरतं. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, वेळ पकड सांगतो. तुमच्या इंजिनात 12 सेकंदांच्या आसपासची ताकद आजच आहे, ती पहिल्या 60 फुटांत, म्हणजे जेमतेम 18 मीटरमध्ये, धूर होऊन जाते. तिथे वाचवलेला सेकंदाचा एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होऊन हातात येतो. 2.4 चे 1.9 केले तर पाऊण ते एक सेकंद तिथूनच निघतो. शंकरपटाला (बैलजोड्यांच्या शर्यतीला) गेला असाल तर सांगायला नको, जोडी सुटतानाच अडखळली की पुढे कितीही पळाली तरी घड्याळ भरून निघत नाही.

तुमचा सुपरचार्जर कमी आरपीएमलाच जवळपास पूर्ण बूस्ट देतो. सेंट्रिफ्यूगल प्रकार आरपीएम चढेल तसा हळूहळू भरतो, त्यामुळे सुटताना त्याला सांभाळणं सोपं जातं. तुमच्याकडे पाय दाबला की टॉर्क (चाक फिरवणारा जोर) हजर, आणि ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर तो आणखी वाढवून मागे पाठवतो. टायरची सगळ्यात चांगली पकड चाक जमिनीपेक्षा साधारण 10 ते 15 टक्के जास्त फिरतं तेव्हा मिळते. त्याच्या पुढे गेलं की पकड पडत जाते.

म्हणून पहिला खर्च टायरवर. आधी आहेत त्या टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: 2023 म्हणजे 2023 सालचा विसावा आठवडा. आपल्याकडच्या 45 डिग्रीच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक होतं. पाच वर्षांचा टायर असेल तर बाकी काहीही करण्याआधी तो काढा. नवीन घेताना ट्रेडवेअर (टायरवर लिहिलेला झिजेचा आकडा, कमी म्हणजे रबर मऊ) 200 किंवा त्याखालचा घ्या. फक्त स्पर्धेसाठी वेगळा जोड ठेवणार असाल तर ड्रॅग रेडियल (सरळ शर्यतीसाठीचे मऊ, चिकट टायर) घ्या, आणि शक्य असेल तर 19 ऐवजी 17 किंवा 18 इंची रिमवर, म्हणजे टायरची भिंत उंच मिळते. सुटतानाचा झटका ती भिंत थोडी पिळून पोटात घेते. बुटक्या भिंतीचा टायर तोच झटका थेट जमिनीला देतो आणि पकड सोडतो. रिम घेण्याआधी ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते प्रत्यक्ष चाक लावून बघा.

आता हवा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, 18 पीएसआय कुठेतरी ऐकलेलं असतं आणि साध्या टायरलाही तेच लावतात. 16 ते 20 ड्रॅग रेडियलसाठी, तेही चांगल्या, चिकट ट्रॅकवर. साध्या टायरला 28 पासून सुरू करा, एका धावेला 2 कमी करा, 24 च्या खाली जाऊ नका. त्याखाली भिंत मुडपते, मधला भाग जमिनीवरून उचलला जातो, आणि 180 च्या वेगाला गाडी मागून डोलते. टायर नीट बसतोय का हे बघायला नक्षीवर चुन्याची किंवा खडूची आडवी रेघ मारा आणि स्वच्छ जागेवर वीसेक फूट हळू चालवा. रेघ फक्त मधून पुसली तर हवा जास्त, फक्त कडांनी पुसली तर कमी. सुटल्यावर पडलेल्या काळ्या पट्ट्यातही हेच दिसतं. पुढच्या टायरला 38 ठेवा, गाडी हलकी पळते. गेज स्वतःचं घ्या, दोन पंक्चरवाल्यांच्या गेजमध्ये 3 पीएसआयचा फरक सहज निघतो.

टायर तापवण्याबद्दल: साध्या टायरला एक-दोन सेकंद फिरवून फक्त धूळ झाडायची. त्यापेक्षा जास्त जाळलं तर रबर तेलकट होऊन उलट घसरतं. ड्रॅग रेडियलला पातळ धूर दिसेपर्यंत फिरवावं. जिथे पाणी शिंपडलेलं असतं तिथून साध्या टायरने जाऊ नका, बाजूने वळसा घ्या. नक्षीत अडकलेलं पाणी थेट सुटायच्या रेघेपर्यंत येतं. आणि विमानाची धावपट्टी म्हणजे गोंद मारलेला ट्रॅक नव्हे, त्यामुळे परदेशातल्या व्हिडिओत 60 फुटांना दिसणारे 1.6 सेकंद मनात धरू नका. तुम्हाला साध्या चांगल्या टायरवर 1.9 ते 2.0 आणि ड्रॅग रेडियलवर 1.8 मिळाले तर काम उत्तम झालं.

नांगर खोल लागला की ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं आणि वजन मागच्या चाकांवर येतं. गाडीतही वजन असंच मागे सरकतं: गाडीचं वजन गुणिले वेगवाढ गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन आसांमधलं अंतर. तुमची गाडी 1750 किलोची, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि व्हीलबेस 2.72 मीटर धरला, तर 0.6 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पट) वेगवाढीला साधारण 190 किलो मागे येतं. हे वजन फुकट आहे, ते सावकाश आणि पूर्ण मागे येऊ द्यायचं. शॉकअप अॅडजस्टेबल असतील तर पुढचा रिबाउंड (शॉकअप परत लांब होतानाचा विरोध) ढिला करा, म्हणजे नाक मोकळं उचलेल. डिकीत वाळूची पोती टाकू नका. ट्रॅक्टरला टायरमध्ये पाणी भरून चालतं कारण त्याला 12 सेकंदांत कुठे पोचायचं नसतं. गाडीत प्रत्येक 45 किलो म्हणजे साधारण एक दशांश सेकंद तोटा. पेट्रोल मात्र पाव टाकीच्या खाली नेऊ नका. सुटताना ते मागे ढकललं जातं, पंप हवा ओढतो, आणि पूर्ण बूस्टवर पेट्रोल तुटलं तर पिस्टन वितळतो.

तुम्ही लिहिलंय की कधी कधी मागून धडधड असा मार बसतो. तो व्हील हॉप आहे आणि त्याला सगळ्यात जास्त घाबरा. चाक धरतं, सुटतं, पुन्हा धरतं, आणि स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत प्रत्येक ठोक्याला हाफ शाफ्ट (चाकापर्यंत ताकद नेणारे दांडे) आणि डिफरन्शियल झटका खातात. धडधड सुरू होताच पाय पूर्ण उचला, ती धाव सोडून द्या. कारण बहुतेक वेळा मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन जिच्यावर बसतं त्या चौकटीचे) आणि सस्पेन्शनच्या आर्मचे मऊ रबरी बुश असतात. सबफ्रेमच्या बुशात बसणारे अॅल्युमिनियमचे किंवा पॉलीयुरेथेनचे इन्सर्ट आणि आर्मचे कडक बुश टाकले की बराच फरक पडतो. केबिनमध्ये थोडा आवाज वाढेल, तो स्वीकारावा लागेल.

सुटायची पद्धत: ब्रेकवर आरपीएम 1200 च्या वर नेऊ नका. ब्रेक सोडा, पाय एक तृतीयांश दाबा, गाडी बसली असं जाणवलं की एक-दीड सेकंदात पूर्ण दाबा. चाक घसरलंच तर पाय थोडाच मागे घ्या. यापेक्षा खात्रीचं काम ट्यूनरकडून (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणाऱ्याकडून) होतं: पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल 60-70 टक्क्यांवर अडवून पुढे मोकळा करायचा. घड्याळावर हवा तो वेळ दिसेपर्यंत दर धावेला एकच गोष्ट बदला आणि 60 फुटांचा वेळ वहीत लिहा.

उष्णतेचं थोडक्यात. 45 डिग्रीची हवा 15 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 10 टक्के विरळ असते, त्यामुळे मे महिन्यातला आणि डिसेंबरच्या पहाटेचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. दोन धावांमध्ये बॉनेट उघडून 20-30 मिनिटं थांबा आणि इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पंप इंजिन बंद असतानाही चालेल असा वेगळा स्विच आणि रिले लावून घ्या. स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान 50 च्या खाली आलं की सुटा. ट्यून जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर केला असेल तर ते पेट्रोल गावाकडच्या पंपावर मिळेलच असं नाही. साधं भरलं की नॉक येतो (पेट्रोल अवेळी पेटतं), संगणक टायमिंग मागे ओढतो म्हणजे ठिणगी उशिरा देतो, ताकद पडते, आणि तुम्ही दोष टायरला देत बसता.

सराव गावाच्या रस्त्यावर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेली काळी माती, मध्येच आडवी येणारी जनावरं, हे सगळं त्याच रस्त्यावर असतं. परत येताना धावपट्टीवरूनच मागच्या टायरमध्ये कंपनीने दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरून घ्या, 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत असू द्या. 20-22 पीएसआयवर समृद्धीच्या सिमेंटवर 120 ने तासभर चाललात तर टायरची भिंत आतून तापून फाटते. आणि ड्रॅग रेडियलवर असाल आणि पाऊस दिसला, तर थांबा. त्या नक्षीत पाणी बाहेर फेकायला जागाच नसते.