फिनलंडमध्ये ओंडक्यांचं घर बांधताय? आधी शेगडी, मग भिंती

नकाशाची सुरुवात घर उबदार ठेवणाऱ्या मधल्या दगडी शेगडीपासून करा. तिचं वजन १ ते ३ टन भरतं, तेव्हा तिला जमिनीतूनच स्वतंत्र पाया द्या. लाकडी फळ्यांवर ती बसवू नका.

नवखे हमखास चुकतात ते पुढच्या गोष्टीत. ओंडके सुकताना आकसतात आणि भिंत खाली बसते, अडीच मीटरला १० सेंटिमीटरसुद्धा! धुराडं मात्र तिथंच राहतं. म्हणून छत धुराड्याला जखडू नका, आणि दारं-खिडक्यांवर फट सोडून ती दाबली जाईल अशा लोकरीनं भरा.

- शेगडीला बाहेरून हवेची नळी.
- जळणात ओलावा २० टक्क्यांहून कमी. ओल्या लाकडानं धुराड्यात डांबर साचतं, तेच पेट घेतं.

शेगडीची आतली रचना सध्या गवंड्यावर सोडा.