नोकरी गेली आणि डबे उघडे राहिले

वाचकांचे प्रश्न : आहार आणि मन

या खेपेला आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच दुखण्याची आहेत, म्हणून एकत्र घेतली. नावं छापलेली नाहीत. उत्तरं आमच्या आहारतज्ज्ञांनी आणि समुपदेशकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. वय ४६. तीन महिन्यांपूर्वी कपातीत नोकरी गेली. वजन ७४ चं ७८ किलो झालं. जेवण वाढलेलं नाही, उलट रात्रीची एक पोळी कमीच केली. बायको शाळेत, मुलं कॉलेजात, घरी मी एकटा. अर्ज पाठवला की उत्तराची वाट बघत शेवेच्या डब्याकडे चकरा होतात. हे ४ किलो आले कुठून?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : हिशोब मांडूनच बघू. शरीरावरच्या १ किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे ९० दिवसांत ४ किलो चढायला रोज सुमारे ३४० कॅलरी जादा पुरतात. आता त्या शोधा. स्टोअर्समध्ये दिवसभर जी पायपीट व्हायची त्यातली ५,००० पावलं जरी कमी झाली, तरी १५० च्या आसपास कॅलरी वाचल्या, म्हणजे अंगावर बसल्या. एक मूठ शेव म्हणजे २५ ग्रॅम, तिच्या १३५. घरी आहात म्हणून दोन चहा जास्त, प्रत्येकी दोन चमचे साखरेचे, त्यांच्या मिळून १४०. सोडलेल्या पोळीच्या ९० वजा करा. उरतात ३३५. खादाडपणा कुठेच नाही. कारखान्यात असताना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा स्वयंपाकघर तुमच्यासाठी बंद असायचं, आता ते दिवसभर उघडं आहे, एवढाच फरक.

तेव्हा ते पुन्हा बंद करायचं. सकाळी बायकोचा डबा भरला जातो त्याच वेळी स्वतःचाही भरा आणि एक वाजताच उघडा. पोरकटपणा वाटेल, पण यातून दोन गोष्टी साधतात. किती खायचं ते पोट भरलेलं असताना ठरतं, आणि 'काहीतरी बघतो' म्हणून ओट्यापाशी जावं लागत नाही. डब्यात दोन पोळ्या, मोठी वाटी दाट वरण किंवा उसळ (कोरडं कडधान्य ४० ग्रॅम), भाजी, काकडी, सोबत ताक. उसळ टाळू नका. मटकी, चणे, मूग स्वस्त आहेत आणि पोट धरून ठेवतात. नुसत्या पोळी-बटाट्यावर चार वाजता पुन्हा भूक लागते, आणि मग समोर शेव असतेच.

सकाळी पोहे सोडा असं इंदुरात कुणाला सांगण्यात अर्थ नाही. माणशी ५० ग्रॅम कोरडे पोहे, एक लहान चमचा तेल, त्यात मटार किंवा मोड आलेली मटकी आणि थोडे दाणे. जीरावन मसाला भुरभुरवा. शेव वरून एक चमचा, चवीपुरती. जिलबी रविवारी, दुकानात उभं राहून, एक आडवी-तिडवी मोठी घ्या. पाव किलोचं पार्सल घरी आलं की ते संपेपर्यंत कुणालाच चैन पडत नाही.

पाच वाजता चहाबरोबर ३० ग्रॅम फुटाणे, म्हणजे मूठभर. ही वेळ चुकवू नका. घसरण बहुतेक इथेच होते.

शेवेचा डबा फेकायची गरज नाही. घरात पूर्ण बंदी केली की चार-पाच दिवस निभतं आणि सहाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्याकडून अर्धा किलो येतं. त्यापेक्षा किलोने आणणं थांबवा. १०० ग्रॅमची पुडी आणा, स्टीलच्या डब्यात ठेवा, काचेच्या बरणीत नको. खायची झाली तर वाटीत काढून, बसून, आणि मोबाइल लांब ठेवून. पुडीतून थेट खाताना हात कधी थांबतो ते कळत नाही.

राहता राहिली वाट बघण्याची वेळ. आठवडाभर एका वहीत तीन गोष्टी लिहा : किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, त्याआधीच्या दहा मिनिटांत काय झालं. कॅलरी लिहू नका. बहुतेकांच्या वहीत तेच दोन-तीन प्रसंग फिरून फिरून येतात : नकाराची मेल, जुन्या सहकाऱ्याचा फोन, हप्त्याचा मेसेज. प्रसंग कळला की त्यावर उपाय नेमता येतो. मेल दिवसात दोनदाच बघायची, ११ आणि ४ वाजता. अर्ज पाठवला की चपला घालून दहा मिनिटं बाहेर. जमत असेल तर अर्जांचं सगळं कामच घराबाहेर करा, रीगलजवळची अहिल्या लायब्ररी त्यासाठी चांगली. खाण्याची ऊर्मी साधारण १५-२० मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ स्वयंपाकघरापासून लांब काढायचा असतो. खरी भूक आहे की नाही याची शंका आली तर स्वतःला विचारा : सकाळची पोळी आणि वरण चालेल का? चालत असेल तर भूक आहे, खुशाल जेवा. लौंग सेवच हवी असेल तर मामला पोटाचा नाही.

गेलेली पावलं परत आणायला तिन्ही खाण्यांनंतर १५-१५ मिनिटं चाला. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर करा. खारं नमकीन खाल्ल्यावर अंगात पाणी धरतं आणि काटा किलोभर पुढे सरकतो, ती चरबी नसते. कमरेला टेपही लावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेघ धरतात. पहिला महिना वजन उतरवायच्या मागे लागू नका, ७८ वर थांबलं तरी पुष्कळ झालं. नोकरी शोधायची आणि कडक डाएटही पाळायचं, ही दोन ओझी एकदम उचलली की आधी डाएटचं खाली पडतं.

प्रश्न : मुलगा २७ वर्षांचा. बंगळुरूची आयटीतली नोकरी गेली, घरी आला आहे. रात्री दोनपर्यंत जागतो, कधी मित्रांबरोबर सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, खाऊन येतो, अकरा वाजता उठतो. पोट सुटलंय. बोललं की चिडतो. मग मीच त्याच्या आवडीचं करून घालते. चुकतंय का माझं?
— रामबाग, इंदूर

उत्तर : त्याच्या आवडीचं करा, त्यात काही चुकत नाही. पोटाबद्दल मात्र काही बोलू नका, चेष्टेतही नाही, आणि 'आता लग्नाचं बघायचंय' हे तर नकोच. तसं बोललं की तो घरी कमी आणि बाहेर जास्त खाईल.

इथे आधी झोप सुधारायला हवी. झोप कमी आणि अवेळी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, आणि ओढ गोड-तळलेल्याकडे जाते. शिवाय साडेआठला जेवून दोनपर्यंत जागणाऱ्याला मध्ये साडेपाच तास जातात. त्याला खरोखरच भूक लागते. म्हणून रात्री अकराच्या सुमारास मुगाचं एक धिरडं किंवा पेलाभर दूध त्याच्या टेबलावर ठेवा, न बोलता. सराफ्याची निम्मी ओढ तिथेच संपेल. झोपेची वेळ बदलायला सांगू नका, उठण्याची बदला : दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. उठल्यावर उजेडात नेणारं एक काम त्याच्याकडे द्या. "अरे, उद्या दूध आणायला सोबत येशील का?" एवढं पुरे. शेवटचा चहा-कॉफी चारपर्यंत. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

सराफा आठवड्यातून एकदा राहू द्या. मित्र तिथे भेटतात, आणि सध्या मित्र त्याला हवेत. जेवून जावं, आणि गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट दोघांत एक घ्यावी. उपाशी गेलं की भुट्टे का कीस, खोपरा पॅटिस, रबडी असा क्रम ठरलेला.

प्रश्न : आता कामच नाही, म्हणून दिवसातून एकदाच जेवलो तर चालेल का? पैसेही वाचतील. मधुमेहाची गोळी चालू आहे.
— एक वाचक

उत्तर : नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळलं तर साखर एकाएकी उतरते : घाम, थरथर, चक्कर, कधी शुद्धही हरपते. गोळी कोणती ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उपास नको. गोळी नसलेल्यांनाही आमचा सल्ला हाच, कारण ताणाच्या दिवसांत याची 'एकादशी अन् दुप्पट खाशी' व्हायला वेळ लागत नाही. पैसे वाचवायचे तर तेलात वाचवा. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला २.४ किलो पुरतं. पिंप संपण्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा, कुठे जातंय ते कळेल.

प्रश्न : खासगी शाळेतली नोकरी सुटली. वय ३८. चार महिने झाले, घरात कुणी नसताना आठवड्यातून तीन-चारदा पोळ्या, साखर, बिस्किटं, जे हाती लागेल ते खात सुटते. पोट दुखेपर्यंत थांबता येत नाही. मग लाज वाटून दुसऱ्या दिवशी उपाशी राहते. कुणाला सांगितलेलं नाही.
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : वरच्या कुठल्याही उपायावर विसंबू नका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. थोड्या वेळात खूप जास्त खाणं, थांबवता न येणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने चालणं, याला वैद्यकात आजार मानतात. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडल्यास औषधंही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही भेटता येतं. जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो.

तोवर दोन गोष्टी करा. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता काहीही झालं तरी गाळू नका. उपाशी दिवसच पुढचा झटका आणतो, हे चक्र तिथेच तुटतं. आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. पोट भरलेलं वाटत असेल तेव्हाही थोडं खा. खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर भेट लांबवू नका. त्याने रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जगू नये असं वाटलं तर त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा आणि इस्पितळ गाठा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : हे कधी सुरू झालं, आठवड्यातून किती वेळा, झोप किती, पाळी नियमित आहे का, आणि सध्याची सगळी औषधं. स्टिरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही भूक वाढते. पण त्या आपल्या मनाने बंद करू नका. थायरॉइड आणि एचबीए१सी (रक्तातली गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) या दोन तपासण्यांबद्दलही विचारा. तिथे तोंडाने सांगायला अवघड गेलं, तर कागद नुसता पुढे सरकवलात तरी चालेल.