बापाच्या हातचं दुपटं

प्रश्न : ताई, मी एस. टी.तून चालक म्हणून निवृत्त झालो. वय ६१. आमच्या मंडळी गेल्या आषाढात वारल्या. मुलगी पहिलटकरीण आहे, दिवाळीनंतर बाळंतपणाला माहेरी येईल. जानेवारीअखेरची तारीख दिलीय. बाळंतविडा आई करते, आता तो कुणी करायचा? हिच्या साड्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवल्यात. त्यातलं निदान एक दुपटं मी स्वतः शिवावं असं मनात आहे. शर्टाला बटण लावण्यापलीकडं मला काही येत नाही. चुलत बहीण म्हणते, गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला घालू नये. शिवाय साडीला कात्री लावायची म्हटलं की हात थबकतो. घरात हिचं शिलाई मशीन आहे, त्यावर होईल का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : दादा, होईल. तुमच्याच हातानं होईल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि या वेळी निम्म्याहून जास्त जागा तुम्हालाच द्यायची ठरवली.

आधी ट्रंक उघडा, आजच. डांबरगोळ्या बाहेर काढून टाका आणि घरात पुन्हा आणू नका. त्या वासानं काही तान्ह्या बाळांचं रक्त बिघडतं, कावीळ चढते. विशेषतः रक्तातला एक घटक जन्मतःच कमी असलेल्या बाळांना त्याचा फार त्रास होतो, आणि आपल्या बाळात तो कमी आहे का हे आधी कुणाला ठाऊक असतं? सुती साड्या गरम पाण्यातून दोन-तीनदा काढा आणि आठवडाभर रोज उन्हात, वाऱ्यावर टाका. नाकाला धरल्यावर जराही वास येत असेल तर पुन्हा धुवा. वास जात नसेल ती साडी बाळासाठी नाही. तुमच्याकडे वेळ आहे, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता बहिणीचं बोलणं. त्यांच्या मनात बाळाची काळजीच आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. पण आमच्या घरात, वाईजवळच्या खेड्यात, बाळाला पहिलं कापड जुनंच लागायचं. आजीचं विटलेलं लुगडं, आजोबांचं धोतर. नवं कापड पहिल्या दिवसात अंगाला लावायचं नाही, कारण ते खरखरीत असतं. शंभर धुण्यांनी जे मऊपण येतं ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. माझ्या धाकट्या भावाला पणजीच्या लुगड्यात गुंडाळलं होतं, आणि पणजी तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. सटवीच्या रात्रीसुद्धा तो त्याच लुगड्यात होता. मला विचाराल तर आजीची साडी नातवंडाला लागणं यात अशुभ काही नाही. तरी शेवटचा शब्द तुमच्या मुलीचा. तिला सरळ विचारा, आणि ती नको म्हणाली तर तीच साडी तुमच्या अंथरुणावरची वाकळ होईल.

साडी कुठली घ्यायची? पैठणी किंवा लग्नातला शालू नाही. जरीचा काठ टोचतो, आणि दुपटं रोज धुवावं लागतं, ते रेशमाला सोसत नाही. वहिनी रोज स्वयंपाकघरात नेसायच्या ती सुती साडी शोधा. सुती आहे की नाही कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, ते बाजूला. मग साडी खिडकीशी धरून उजेडात बघा. जिथं विरळ दिसेल, बहुधा फॉलच्या अंगाला, तो भाग सोडा.

आणि कात्री लावूच नका. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं. काठाला कात्रीचं फक्त टोक लावा, बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. कात्रीपेक्षा सरळ फाटेल. तो टरटर आवाज पहिल्यांदा जिवाला लागतो, मी सांगून ठेवते. माझ्या आईच्या साडीला मी हात घातला तेव्हा धाकटी बहीण शेजारी बसली होती, म्हणून जमलं. तुम्हीही एकटे बसू नका. मुलगी आल्यावर तिच्यासमोर फाडा, आणि पदर मात्र अख्खा ठेवून द्या. तो तिचा.

हिशोब असा. साडी साडेपाच मीटर, पन्हा, म्हणजे रुंदी, सव्वा मीटरच्या आसपास. त्यातून सव्वा मीटरचा पदर बाजूला काढला तरी सव्वा चार मीटर उरतात. एक मीटर दहा सेंटिमीटरचे तीन चौकोन फाडा, पन्ह्याची जादा कडही काढा. हे तीन थर एका दुपट्याला पुरे, त्याहून जाड करू नका. जाड झालं की धुतल्यावर लवकर वाळत नाही, आणि थंडीच्या दिवसांत तुम्हाला दिवसातून दोनदा वाळवावं लागेल. उरलेल्या पट्टीची दोन-तीन छोटी पुसणी होतील.

फरशी पुसून थर एकावर एक अंथरा. कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवा, आम्ही वरवंटा आणि दगडी खल ठेवायचो. हातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवा. घाई इथं करू नका. हे नीट झालं तर पुढचं सगळं नीट होतं.

मग धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली घालत पुढे जाणारा साधा टाका. आमच्याकडे बायका कडेनं सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यावर येतात. ते दिसायला फार सुंदर, पण नवख्यानं तसं करू नये. थोडं थोडं कापड आत ढकललं जातं आणि मधे फुगा येतो. तुम्ही मधोमध एक सरळ ओळ घाला आणि तिथून दोन्ही बाजूंना ओळी वाढवत न्या. दोन ओळींत दोन बोटांहून जास्त अंतर नको. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. हे मी फक्त शोभेसाठी सांगत नाही. लांब टाका सुटून लोंबला तर बाळाचं बोट त्यात अडकतं, आणि धागा वळसा घेऊन आवळला की ते सुजतं. म्हणून लांब टाके नाहीत, गाठी थरांच्या मधे लपवायच्या, आणि मणी, आरसे, लेस यांतलं काहीच नाही.

दोरा सुती घ्या, हात-दीड हाताहून लांब ओवू नका, गुंततो. मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतला की सरळ चालतो. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर चढवायची टोपी, घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुई धरवणार नाही. सकाळच्या उजेडात आठ-दहा सुयांमध्ये दोरा ओवून ठेवा, संध्याकाळी डोळ्यांना त्रास नको.

वेळेचं सांगते. दोन बोटांच्या हिशोबानं सगळ्या ओळी मिळून सुमारे ३५ मीटर होतात. तुमच्या हाताला वळण नाही, म्हणून एका ओळीला पंधरा-वीस मिनिटं धरा. रोज एक तास बसलात तर आठ ते अकरा दिवस. पहिल्या चार ओळी वाकड्या येतील, त्या उसवू नका. विसाव्या ओळीला तुमचा हात बसलेला असेल, तुमचं तुम्हालाच दिसेल. मशीनवर करावंसं वाटलं तर फक्त कडेला टीप मारा. मधल्या ओळी मशीनवर नकोत, कारण खालचा थर मशीनच्या दात्यांनी भराभर पुढे ओढला जातो, वरचा मागे राहतो, आणि मधे चुण्या पडतात. शिवाय मशीनची टीप कडक लागते.

एक शेवटचं. हे दुपटं गुंडाळायला, मांडीवर घेताना खाली टाकायला. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकून बाजूला होऊ नका, तोंडावर सरकतं. पहिलं वर्ष झोपेत मोकळी पांघरुणं नकोत, असं डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावं. वर्ष सरलं की दुसऱ्या साड्यांची पाच थरांची गोधडी करा. तोवर तुम्हाला येत असेल.

प्रश्न : मावशी, आजीच्या ७५ व्या वाढदिवसाला तिच्यासाठी गोधडी करतेय. वरचा थर खणांच्या तुकड्यांचा आहे, लाल आणि हिरवा, मधे पांढरा मांजरपाट. धुतल्यावर रंग जाईल का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : जाऊ शकतो, आणि लाल सगळ्यात आधी. पहिल्या नातवाच्या दुपट्याला मी लाल सुती कापडाची नवी कड लावली होती, न धुता. बारशाच्या दुसऱ्या दिवशी ते धुतलं आणि आतलं पांढरं सगळं गुलाबी झालं. ते दुपटं अजून माझ्याकडे आहे, आणि उघडलं की मन खट्टू होतं.

तू हे कर. प्रत्येक रंगाचा तुकडा भिजव, पांढऱ्या रुमालावर ठेव आणि वरून गरम इस्त्री दाब. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा वेगळा धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ घालून रंग पक्का होतो म्हणतात, पण तयार रंगवलेल्या कापडावर मला त्याचा गुण आला नाही. मांजरपाट आधी गरम पाण्यात भिजवून वाळव, तो आटतो. न धुता शिवलास तर पहिल्या धुण्यात वरचा थर सुरकुतेल.

प्रश्न : आईची वाकळ ४० वर्षांची आहे. कडा फाटल्यात, टाके निघालेत. टाकवत नाही, वापरवत नाही. दादाला भेट द्यायची आहे. काय करू?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : उसवू नका. तीच आत ठेवून तिच्यावर नवं कापड चढवा. पूर्वीही असंच करायचे, जुनी वाकळ नवीच्या पोटात जायची. खाली एक जुनी मऊ साडी, वर एक, दोन्ही आधी धुतलेल्या. वाकळ फार जड होणार असेल तर आतले सुटे थर काढून घ्या.

माझ्या आईच्या वाकळेचा एक कोपरा मी दुरुस्तीला उघडला, तर आत वडिलांचं धोतर निघालं, आणि त्याच्या आत निळ्या काठाचं एक लुगडं, जे मी कधी कुणाच्या अंगावर पाहिलं नव्हतं. तेव्हा आई होती. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, हे सासूबाईंचं. सगळं होतं तसं परत आत घातलं.

तुमच्या दादाला सांगताना आत काय आहे ते सांगा. एक कोपरा शेवटपर्यंत उघडा ठेवून त्यालाच आत बघू द्या आणि मग त्याच्यासमोर शिवा. आमच्या आजीकडे शेवटचा कोपरा बंद करण्याआधी चपातीचा एवढासा तुकडा आत ठेवायचे, वाकळेचं पोट उपाशी राहू नये म्हणून. तुम्हाला पटत असेल तर ठेवा. मुंग्यांची भीती वाटत असेल तर हळदकुंकवाची चिमूट चालते.